पितळेचे दोन स्क्रू

आमच्या खांदा कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे ‘नोकरीतल्या गमतीजमती’ मागितल्या. मी होकार दिला तो खरं तर तुमच्यासाठी, ईशान आणि मीरा. मागच्या वर्षी टोरांटोहून फोनवर मीराने विचारलं होतं, “आजी, तू लाइट बनवायचीस ना? बाबा म्हणाला.” तेवढ्यात तुमच्या आईने जेवायला हाक मारली आणि उत्तर राहून गेलं. ते आता लिहिते. मराठी वाचताना अडलं तर बाबाला वाचून दाखवायला सांगा.

गमती थोड्या आहेत. बाकीचं मी एका माणसावर ठेवलेल्या खोट्या ठपक्याबद्दल आहे. ठपका ठेवला तेव्हा तो खोटा आहे हे मला माहीत नव्हतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही, कारण माहीत करून घेणं हेच माझं काम होतं.

मी खाडीपलीकडच्या एका सरकारी प्रयोगशाळेत होते. आमचा विभाग निर्वात नळ्यांचा. ज्या भांड्यातून हवा जवळजवळ संपूर्ण काढून टाकली आहे, त्यात तापवलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे, त्यांचा झोत करायचा आणि त्या झोताकडून काम करून घ्यायचं. आमचं काम होतं त्याच्यापासून एका विशिष्ट जातीचे किरण मिळवणं.

तुम्ही मागे पनवेलला आला होतात तेव्हा ईशान माझी छत्री कॉलनीच्या लोखंडी कुंपणावर घासत पळत सुटला होता. खडखडखडखड. तळमजल्यावरचे काका दुपारच्या झोपेतून उठून ओरडले. मी त्याला थांबवलं नाही, कारण तो माझ्या कामाचं फुकट प्रात्यक्षिक करत होता. गज जितके जवळजवळ आणि पळणारा जितका वेगात, तितका आवाज बारीक. पळणारा तुमच्या दिशेने येत असेल तर आणखी बारीक, लांब जात असेल तर जाड. आमच्याकडे छत्रीच्या जागी इलेक्ट्रॉनचा झोत होता, प्रकाशाच्या एकतृतीयांश वेगाने पळणारा. कुंपणाच्या जागी होता तांब्याचा बोटभर ठोकळा, त्याच्या एका अंगावर ओळीने एकसारख्या खाचा. झोत त्या खाचांना लगटून गेला की प्रत्येक खाचेपाशी एक हिसका बसतो, आणि सगळे हिसके मिळून एक लहर बाहेर पडते. फरक इतकाच की छत्री गजांना लागते, झोताने मात्र खाचांना लागायचं नसतं. लागला तर तांबं वितळतं. केसाच्या जाडीएवढा जरी वर राहिला, तरी लहर जवळपास नाहीशी होते.

या लहरींना टेराहर्ट्झ म्हणतात. एका बाजूला रेडिओ आणि मोबाइलच्या लहरी, दुसऱ्या बाजूला शेगडीची धग आणि दिव्याचा उजेड. मधला हा पट्टा. रेडिओच्या यंत्रांना तो फार चपळ आणि दिव्यांना फार संथ, म्हणून दोन्हीकडच्यांनी बरीच वर्षं तो सोडून दिलेला होता. कापड, कागद, पुठ्ठा यांच्यातून हे किरण आरपार जातात, पाण्यापाशी अडतात. अंगाला त्यांचा अपाय नाही. डोळ्यांना मात्र दिसत नाहीत. ते पडले हे कळण्यासाठी आमच्याकडे एक नाजूक डबी होती. किरणांच्या उबेने तिच्यातला वायू किंचित फुगायचा आणि काटा हलायचा. मीरा, मी बनवलेला लाइट म्हणजे हलणारा एक काटा.

यामुळे पाहुण्यांची पंचाईत व्हायची. एकदा एक मोठे अधिकारी आले. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “छान. आता दिवे घालवा म्हणजे नीट दिसेल.”

“दिसणार नाही, सर. हा डोळ्यांना दिसत नाही.”

“मग मला इतक्या लांब बोलावून दाखवताय काय?”

एका बिस्किटांच्या कारखान्याचे गृहस्थ दोन-तीनदा येऊन गेले. पुडा न फोडता आतलं बिस्किट सादळलं आहे का, हे त्यांना कळायला हवं होतं. किरण पाण्याला अडतात म्हटल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले. आमचा किरण एका बिस्किटाला पुरेल इतकाही जोरकस नाही हे सांगितल्यावर मागे सरकले. जाताना प्रामाणिकपणे म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे एक बाई आहे, ती पुडा कानाशी हलवून सांगते. तीच स्वस्त पडेल.”

आता त्या माणसाकडे येते.

खाचा पाडायला कोणी मिळेना. ठोकळा चार सेंटिमीटर लांब, एका मिलिमीटरमध्ये चार खाचा, म्हणजे एकशेसाठ. सगळ्या सारख्या खोल, सगळ्यांमध्ये सारखं अंतर. मुंबईच्या दोन वर्कशॉपनी ड्रॉइंग परत पाठवलं. मग कोणीतरी तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या काशिनाथ म्हात्र्यांचं नाव सांगितलं. माणूस इथलाच, पनवेलजवळच्या आगरी गावातला. वडील मिठागरावर होते. हे आयटीआय शिकून मशीनवर आले आणि पुढे एका रासायनिक कारखान्याच्या भिंतीला लागून त्यांनी स्वतःचा गाळा घेतला. त्यात एक जुनं मिलिंग मशीन, एक लेथ आणि एक स्टूल.

ड्रॉइंग त्यांनी उलटं धरलं, सुलटं धरलं.

“ह्या काय कंगवा हाय का मॅडम?”

“तसंच समजा.”

“कोनाचे केसाला?”

“इलेक्ट्रॉनच्या.”

“मंग त्याच्या उवा बी बारीकच असतील,” ते म्हणाले आणि ड्रॉइंग घडी करून खिशात ठेवलं. म्हणजे काम घेतलं. त्या दिवसापासून ते त्या ठोकळ्याला फणी म्हणायचे. पुढे आमच्या प्रयोगशाळेतही कोणी त्याचं शास्त्रीय नाव ग्रेटिंग घेईना, सगळे फणीच म्हणू लागले.

ते काम करताना मी तासन्‌तास पाहिलं आहे. कागदाहून थोडी जाड अशी गोल पातळ करवत मशीनला लावायची. एक खाच पाडायची, मग चाक फिरवून ठोकळा पाव मिलिमीटर सरकवायचा, पुढची खाच. चाक चुकून थोडं जास्त फिरलं तर ते नुसतं मागे आणायचे नाहीत. पूर्ण दोन फेरे मागे जायचे आणि पुन्हा पुढून येऊन खुणेवर थांबायचे. मी कारण विचारलं. म्हणाले, “पुढं जाताना मशीन खरं बोलतं, मॅडम. मागं येताना खोटं बोलतं.” मशीनच्या आट्यांमध्ये थोडी मोकळीक असते, ती एकाच दिशेने रेटत राहिलं तरच लपते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण असं कोणी सांगितलं नव्हतं.

करवतीने खाचेच्या कडेला तांब्याची बारीक कुसळं उभी राहायची. एक कुसळ जरी उरलं तरी झोत त्याच्यावर आपटणार. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून, बांबूच्या काडीने ते एकेक कुसळ काढायचे. तळोज्याच्या हवेने तासलेलं तांबं दुसऱ्या दिवशी काळवंडायचं, म्हणून फणी बटरपेपरात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवायचे. एका फणीला आठवडा लागायचा. पहिल्या पाच फण्या आमच्या कसोटीला उतरल्या नाहीत. पाचही वेळा त्यांनी काही न बोलता नवा ठोकळा बांधला.

सहावी फणी ते स्वतः घेऊन आले, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मी सूक्ष्मदर्शकाखाली ती पाहिली. एकशेसाठ खाचांत एकही वाकडी नव्हती. आमचे विभागप्रमुख मागून वाकून म्हणाले, “ही हाताने केली आहे?” म्हात्रे म्हणाले, “नाय साहेब, मशीननं केली. मी निस्ता बाजूला व्हतो.”

तीन दिवसांनी तज्ज्ञांची समिती येणार होती. आमचं काम पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं, हे ती ठरवणार होती. मी नळीची जोडणी केली, ती पंपावर चढवली, तापवली. समिती यायच्या आदल्या दिवशी सकाळी झोत सुरू केला. हळूहळू तो फणीच्या जवळ आणला.

काटा हलला.

झोत केसभर वर उचलला, काटा पडला. खाली आणला, पुन्हा चढला. डबी पुढे सरकवली, मागे सरकवली. गणितात जिथे यायला हवं तिथे तिथे तो येत होता. आमच्या विभागात त्याआधी हे कोणालाही जमलं नव्हतं. चाळीस मिनिटं मी मोजमापं घेतली. मग झोत मंदावू लागला. विजेचा दाब ठीक, निर्वात ठीक, पण इलेक्ट्रॉन कमी कमी होत गेले आणि तासाभराने काहीच उरलं नाही. दुसऱ्या दिवशी समितीने आमची बंद पडलेली नळी पाहिली आणि चहा पिऊन ती परत गेली.

नळी उघडली. इलेक्ट्रॉन देणारा तापता धातू, ज्याला आम्ही कॅथोड म्हणतो, काळा ठिक्कर पडला होता. कॅथोड विषबाधा झाल्यासारखा मरतो. त्याला सगळ्यात जास्त भीती नको त्या पदार्थाची, अगदी बोटाचा ठसासुद्धा नको असतो. परदेशातून मागवलेला आमच्याकडचा तो एकच होता. मी फणी काढून उलटी केली, तर पाठीमागच्या स्क्रूच्या भोकापाशी एक पिवळसर डाग. भिंगातून पाहिला. मी मराठी बाई आहे, हळद मला ओळखायला रसायनशास्त्र लागत नाही.

म्हात्र्यांना बोलावलं. प्रमुख समोर बसले होते.

“म्हात्रे, फणीला हळद लागली होती?”

“लावली व्हती,” ते लगेच म्हणाले. “खंडेनवमीला सगल्या हत्यारांची पूजा करतो ना मॅडम. फनी तयारच झालती. म्हटलं, तिला पन मान देवावा. पाठीला एक बोट लावलं. खाचांना नाय लावलं. मंग पुसून, धुऊन, मंगच बांधली.”

“तुम्हाला मी स्वच्छतेबद्दल किती वेळा सांगितलं होतं?”

“धुतली व्हती मॅडम.”

“नीट धुतली नव्हती. हे बघा.” मी भिंग त्यांच्यापुढे केलं. त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग टेबलावर ठेवून म्हणाले, “हाय. हलद हाय.”

नाही म्हणाले असते तर मी तपासणी केली असती. ते खरं बोलले आणि मी तिथेच थांबले. प्रमुखांनी इंग्रजीत विचारलं, “खात्री आहे?” मीही इंग्रजीत म्हटलं, “हो.” आणि अहवालात एक वाक्य लिहिलं, की वर्कशॉपमध्ये धार्मिक विधीच्या वेळी फणीला लागलेल्या पदार्थामुळे कॅथोड निकामी झाला. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं. ते वाचून आमच्या कार्यालयाने त्यांचं नाव यादीतून काढलं, आणि आमच्याकडचं पाहून आणखी दोन ठिकाणांनी काढलं. पुढे ते तळोज्याला इमारतींच्या जिन्यांचे कठडे आणि ग्रिलं करू लागले असं कानावर आलं. फणी चाळीस मिनिटं चालली होती हे मी त्यांना सांगितलं नाही. रागात होते. मग राग गेला, पण सांगायचं राहिलं. आमचं कामही गुंडाळलं गेलं. मी दुसऱ्या विभागात गेले आणि तिथूनच निवृत्त झाले.

याला बावीस वर्षं झाली.

या फेब्रुवारीत मी कपाट आवरायला काढलं. माझ्या कच्च्या वह्या एकतीस आहेत, क्रमांक घातलेल्या. रद्दीत देण्याआधी एकदा चाळाव्यात म्हणून बसले. मला एक सवय आहे, तुमच्या बाबालाही मी ती लावायचा प्रयत्न केला. करायच्या प्रत्येक गोष्टीपुढे एक चौकोन काढायचा आणि ती झाली की त्यात बरोबरची खूण करायची. सतरा नंबरच्या वहीत, त्या जोडणीच्या दिवशी, पेन्सिलने लिहिलं होतं: ‘स्टीलचे स्क्रू दोन कमी. स्टोअर सुट्टीमुळे बंद. ड्रॉवरमधले दोन चकचकीत लावले, तात्पुरते. धातू तपासणे, तापवण्याआधी बदलणे.’ पुढे चौकोन. चौकोन रिकामा.

सगळ्या वहीत तेवढाच एक.

मला आठवलं. समितीसाठी तक्ते काढायचे होते, प्रमुख दर तासाला डोकावत होते. ‘तात्पुरते’ हा शब्द लिहिला की माझ्या मनातून ती गोष्ट पूर्ण व्हायची. व्यवस्थित माणसाला लिहून ठेवलं म्हणजे केलंच असं वाटतं. निवृत्त होताना ड्रॉवर रिकामा करून घरी आणला होता, त्याच जातीचे उरलेले स्क्रू शिवणाच्या डब्यात होते. एक घेतला, नखं घासायच्या कानशीने घासला. वरची चकाकी निकेलची. खाली पिवळं. पितळ.

पितळात जस्त असतं. निर्वातात तापलं की जस्त उडतं, वाफ होऊन जिथे जाईल तिथे बसतं, आणि कॅथोड मारतं. आमच्या कामात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्याच वहीत पुढच्या पानावर, नळी उघडली त्या दिवशी, मीच लिहिलं होतं: ‘नळीच्या आतल्या चिनी मातीच्या कड्यावर करडा, धातूसारखा पातळ थर.’ स्वच्छ अक्षरात, खाली रेघ मारून. हळदीतून धातू येत नाही. हे माझ्यासमोर होतं आणि मी पिवळा डाग पाहत बसले होते.

लगेच त्यांच्याकडे गेले असं लिहायला मला आवडलं असतं. मी नव्या वहीत ‘म्हात्रे’ असं लिहिलं आणि पुढे चौकोन काढला. मग गुडघा दुखत होता. मग ऊन वाढलं. मग पुण्याला चुलतबहिणीकडे लग्न होतं. तळोज्याचा गाळा बंद झाला होता, पण पनवेलच्या बाजारातल्या हार्डवेअरवाल्याने पत्ता एका मिनिटात सांगितला. सुकापूर. खांदा कॉलनीहून रिक्षाने पंधरा मिनिटं. मला चार महिने लागले.

जूनमध्ये एका सकाळी गेले. जुन्या घराच्या जागी पाच मजली इमारत उभी होती, दुसऱ्या मजल्यावर ते राहतात. दार त्यांच्या पत्नीने, हिराबाईंनी उघडलं. मी नाव सांगितलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“म्हंजे तुमी त्या लॅबच्या मॅडम.”

“हो.”

“या. आलाव त बसा. पान्याला नाय म्हननार नाय मी कोनाला.”

म्हात्रे खिडकीशी खुर्चीत बसले होते. वाळले होते. उजवा हात मांडीवर होता आणि सारखा थरथरत होता. माझ्याकडे पाहून हसले, “मॅडम, तुमी पन म्हातारे झाले.”

मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली. रिक्षात पाठ केलेली वाक्यं होती. “म्हात्रे, नळी तुमच्या हळदीने गेली नव्हती. माझ्या चुकीने गेली. मी दोन स्क्रू लावले, ते पितळेचे निघाले. मला हे फेब्रुवारीत कळलं. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला.”

त्यांनी मग विचारलं ते भलतंच.

“किती एमचे स्क्रू?”

“दोन. दोन मिलिमीटर जाडीचे.”

“निकेल मारलेले?”

“हो.”

“कुठं लावले व्हते? फनीचे पाठीला?”

“नाही. कॅथोडच्या बाजूला, आधाराला.”

“मंग जस्त उडलं असंल,” ते म्हणाले. “पितल तापवलं का पांढरा धूर येतो, मॅडम. भट्टीवाल्याला पन म्हाईत हाय. आतमदी करडा रंग बसला असंल, काचंवर, कंच्या तरी.”

“बसला होता. चिनी मातीच्या कड्यावर.”

“मला दावलं असतं त मी तवाच सांगितलं असतं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, चुकीचं माप दाखवताना असायचा तोच आवाज. “तुमी फनीच दावली मला.”

ते खरं होतं. त्या दिवशी ते कडं त्याच टेबलावर, कापडाखाली, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं.

मग ते म्हणाले, “पन त्याच्या आदी? चालली व्हती?”

मी वही नेली होती. चष्मा लावून त्यांना ती मोजमापं मराठीत वाचून दाखवली. झोत कुठे होता, काटा किती चढला, कुठे यायला हवा होता आणि कुठे आला. प्रत्येक ओळीला ते मान हलवत होते.

“म्हंजे खाचा बराबर व्हत्या.”

“एकूण एक बरोबर होत्या. त्याआधी आमच्याकडे कोणाला जमलं नव्हतं.”

“किती येल चालली?”

“चाळीस मिनिटं.”

“चालीस मिंटं,” ते हिराबाईंना म्हणाले. “आयकलं का? चालीस मिंटं चालली व्हती आपली फनी.”

हिराबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातात चहाचा कप. तो त्यांनी माझ्यासमोर जरा जोरातच ठेवला.

“चालीस मिंटं,” त्या म्हणाल्या. “आनि आमची बावीस वर्सं, त्याचं वाचा ना तुमचे वहीतून.”

“हिरा, ऱ्हाव दे,” म्हात्रे म्हणाले.

“का ऱ्हाव दे? आल्यात त आयकून जाऊ दे. मॅडम, त्या दिसापासून या मानसानं मशीनीला हलद लावली नाय. बाप मिठागरावर फावड्याची पूजा करायचा, ह्यो मशीनीची करायचा. बंद. बोलला, माझे हातच्या हलदीनं सरकारचा इवडा नुसकान झाला. नवमीला गाला बंद करून घरी बसायचा. ते पन मी सोसलं. पुढले वर्सी आशाचं लगीन आलं. आमची एकुलती पोर. आमचे आगऱ्यांत हलद म्हंजे लग्नापरीस मोठी, म्हाईत हाय ना तुमाला?”

“माहीत आहे.”

“सगला गाव मंडपात. बँडवाले आलेले. पोर पाटावर बसली, बापानं हलद लावायची, आनि बाप नाय! सोधला त पान्याचे टाकीमागं जाऊन उभा. मी हात धरून वढलं. बोलतो, माझे हातची हलद नको लावू तिला, तिचं वाटोलं व्हईल. पोर तिकडून हाका मारते, ‘बाबा या, बाबा या.’ नाय आला. तिच्या काकानं लावली.”

मी म्हात्र्यांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते.

ईशान, मीरा, मी शास्त्र शिकलेली बाई आहे. अहवालात ‘धार्मिक विधी’ हे दोन शब्द लिहिताना मला त्या माणसाच्या भाबडेपणाबद्दल थोडी कीव वाटली होती, तेही कबूल करते. मी एका डागावरून निष्कर्ष काढला होता, आणि त्यांनी माझ्या निष्कर्षावर विश्वास ठेवला होता. दोघांत भाबडं कोण होतं ते तुम्ही ठरवा.

“मशीन आहे अजून?” मी विचारलं.

“इकलं,” म्हात्रे म्हणाले. “दोन वर्सं झाली. भंगारात. हात चालत नाय आता.” मग वळून हिराबाईंना म्हणाले, “आशाला फोन लाव.”

“आता? ती स्वयपाकात असंल.”

“लाव.”

आशा उरणला असते. फोन लागला. म्हात्रे म्हणाले, “आशा, मी बोलतंय. आयक. ते हलदीचं काय नव्हतं... हलद गो, हलद. लॅबची. ती नली माझ्यानं नाय गेली.” पलीकडे तिला काही कळेना. ते पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, मध्येच अडखळले, आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. “मॅडम, तुमी सांगा. तुमाला नीट सांगता येतं.”

मी फोन घेतला. माझं नाव सांगितलं. पाठ केलेली वाक्यं पुन्हा म्हटली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग कोणीतरी गॅस बंद केला.

“म्हणजे बाबांचं काहीच नव्हतं?” ती म्हणाली.

“काहीच नव्हतं.”

“मी रुसले होते त्यांच्यावर. मला वाटलं, मुलगा त्यांना पसंत नाही म्हणून आले नाहीत. अजून वाटायचं.” मग थांबून तिने विचारलं, “तुम्हाला हे कधी समजलं?”

आजच, असं म्हणता आलं असतं. तिला कुठे कळणार होतं.

“फेब्रुवारीत.”

“आता जून आहे.”

“हो.”

ती म्हणाली, “बाबांना द्या.”

मी फोन त्यांच्या कानाशी धरला, कारण हातात तो राहत नव्हता. “हां... हां बाय... नको रडू गो... आलो आस्तो... आयक त खरं...” मग हिराबाई आल्या. माझ्या हातातून फोन घेऊन त्यांनी स्वतः तो नवऱ्याच्या कानाला लावला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आता तुमी जावा, मॅडम. हे आता घरातलं हाय.”

मी चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.